बासष्ट किलोची पेटी

माझा भाऊ कुलदीप समुद्रात पडला तेव्हा मी जिवतीच्या सरकारी दवाखान्यात जुलाबाचं औषध वाटत होते. मे महिना होता, सेहेचाळीस डिग्री ऊन होतं आणि लढाई सुरू होऊन पाच दिवस झाले होते. रांगेतली माणसं उलट्या-जुलाबांपेक्षा लढाईबद्दलच जास्त बोलत होती. मी मात्र निर्धास्त होते. आमचा कुलदीप हवाई दलात सार्जंट होता, पण हेलिकॉप्टरवर. मागे बसून सामान, दोर आणि यंत्रं सांभाळायची, हे त्याचं काम. बंदूक चालवतानाचा त्याचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाबांचा फोन आला.

"रोशनी, घरी ये. नागपूरहून दोन साहेब आले."

"कोणते साहेब?"

"तू ये. मले त्यांचं बोलणं समजून नाई राह्यलं."

जिवतीचा घाट उतरून चंद्रपूरला आणि तिथून ऊर्जानगरला पोचेपर्यंत चार तास गेले. साहेब तोवर बसूनच होते. मोठी मुलगी आल्याशिवाय जाऊ नका, असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं. बाबा, म्हणजे हरिदास निमगडे, वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला आहेत. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. पण त्या दिवशी समजत नव्हतं ते कानांमुळे नव्हे.

दोघांतला वयस्क अधिकारी उभा राहिला आणि त्याने मला सगळं पुन्हा सांगितलं. हेलिकॉप्टर एका जहाजाकडे सामान घेऊन निघालं होतं. धुरकट हवेत ते पाण्यावर आदळलं. शत्रूचा काही संबंध नाही, अपघात आहे. आत पाच जण होते, तिघे सापडले. कुलदीप आणि एक पायलट अजून सापडायचे आहेत. शोध चालू आहे.

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने विचारलं, "साहेब, आमच्या गावच्या तळ्यात माणूस बुडलं तर तिसऱ्या दिवशी वर येते. समुद्रात कितव्या दिवशी येते?"

मी ते हिंदीत सांगितलं. अधिकाऱ्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली आणि काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला पुढे फार दिवस बरं वाटत राहिलं. कारण त्यानंतर आमच्या घरी जो जो आला, तो फक्त बोलला.

नऊ दिवसांनी शोध थांबला. पायलट मिळाला, कुलदीप मिळाला नाही. 'बेपत्ता, मृत मानण्यात येत आहे' असं पत्र आलं. त्याच आठवड्यात त्याची बायको चंचल गुजरातहून, त्याच्या तळावरच्या क्वार्टरमधून आली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिच्याकडे एक सुटकेस होती आणि तिच्यात कुलदीपचे इस्त्री केलेले दोन गणवेश. सुटकेस तिने कोणालाच उघडू दिली नाही.

आणि मग भैयाजी आला.

भैयाजी म्हणजे आमच्या भागातला पुढारी. राखेपासून विटा पाडायचा त्याचा कारखाना आहे, पोराच्या नावाचा. दिवाळीनंतर निवडणूक होती. तो आला तोच तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. आमच्या दाराबाहेरच्या कुंडीत थुंकला, रुमालाने ओठ पुसले आणि आत येऊन बाबांच्या गळ्यात पडला. त्याच्या मागे मिथुन नावाचा त्याचा माणूस मोबाईल धरून उभा होता.

"हरिदासभाऊ, कुलदीप एकट्या तुमचा नाई. साऱ्या जिल्ह्याचा पोरगा होय तो," भैयाजी म्हणाला आणि रडला. खरोखर पाणी आलं त्याच्या डोळ्यांत. मग मान वळवून त्याने मिथुनला विचारलं, "आलं का बरोबर?"

"आवाज नाई आला भैयाजी. कूलर घरघर करून राह्यला."

भैयाजीने स्वतः उठून कूलर बंद केला. आईकडे वळून म्हणाला, "बाई, एक डाव अजून. तुमी फक्त फोटो छातीशी धरा."

मला वाटलं, आई नाही म्हणेल. तिने फोटो छातीशी धरला. त्या दिवसांत तिला कोणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी ती उतरली असती. त्या बंद खोलीत, घामाच्या आणि खर्ऱ्याच्या वासात, तो पुन्हा तेच वाक्य बोलला आणि पुन्हा रडला. मी मोरीत जाऊन उभी राहिले.

परत आले तेव्हा तो बाबांना समजावत होता, "कोणी विचारलं तर 'अपघात' म्हणू नका. अपघात म्हनलं का लोकाइले ट्रकचा अपघात वाटते. 'लढाईत गेला' म्हणा."

"पण अपघातच झाला," मी म्हणाले.

"ताई, लढाई चालू होती का नोहती?"

"होती."

"मंग?" एवढं बोलून तो उठला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मुख्य रस्त्यावर फलक लागले. मी दूध आणायला गेले होते. चौकातल्या फलकावर भैयाजी कमरेपर्यंत होता, हात जोडलेला. त्याच्या खांद्याशी, निम्म्या आकारात, माझा भाऊ. मागे आगीचे लोळ आणि एक लढाऊ विमान, ज्यात कुलदीप आयुष्यात बसला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'शत्रूची दोन विमाने पाडून वीरमरण'. मी फलकाजवळ गेले. चेहरा कुलदीपचा होता, पण त्याला मिशा होत्या. कुलदीपला मिशी नीट यायचीच नाही. दहावीपासून त्यावरून मी त्याला चिडवत आले होते. आणि कपाळावर लालभडक उभं गंध. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात कोणाच्या कपाळाला गंध लागलं नाही.

मी तिथूनच मिथुनला फोन लावला.

"मिशा कशाला लावल्या?"

"फौजी वाटला पायजे ना, ताई."

"आणि गंध?"

"ते साऱ्याच शहिदाइले लागते. साचाच तसा हाय कम्प्युटरमंधी. फोटो टाकला का आपोआप लागते."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. मी फोन ठेवला. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाह्यलं मी." एवढंच.

रजेचा अर्ज टाकायला मी दोन दिवस जिवतीला गेले. दवाखान्यात माझ्याशिवाय दुसरी नर्स नव्हती, शेजारच्या गावच्या नर्सला बोलावून चार्ज द्यावा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऊर्जानगरला उतरले तर कंपनीच्या बसथांब्यापासून आमच्या क्वार्टरपर्यंत पताका लागलेल्या. क्वार्टरसमोर उघडा ट्रक, त्याच्या चारी बाजूंना झेंडूच्या माळा, पुढे भल्यामोठ्या स्पीकरांची गाडी. मांडवात पोह्यांचे द्रोण वाटणं चालू होतं. आणि आमच्या दारात दोन स्टुलांवर एक लांब लाकडी पेटी होती. नव्या पॉलिशचा वास येत होता. वर तिरंगा.

मला वाटलं, सापडला. मी बॅग टाकून आत धावले.

"बाबा, कधी आणलं त्याला? मला फोन का नाही केला?"

बाबा माझ्याकडे बघेनात. चंचल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "ते नाहीत त्याच्यात, ताई. अंत्ययात्रा काढून राह्यले. पेटी भैयाजीनं बनवली."

"रिकामी पेटी?"

"हाव."

रिकाम्या पेटीची अंत्ययात्रा. मी काही बोलणार एवढ्यात बाहेरून चंचलचं नाव ऐकू आलं. फाटकाशी एक सावळा, पन्नाशीचा माणूस उभा होता, डावा हात गळ्यात बांधलेला. ते वॉरंट ऑफिसर पिल्लई. कुलदीपच्याच हेलिकॉप्टरमध्ये होते, सापडलेल्या तिघांतले एक. दवाखान्यातून सोडल्यावर केरळला घरी न जाता ते आधी आमच्याकडे आले होते. येताना त्यांनी फलक पाहिले होते. आत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वो फोटो किसका है?"

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. आई, चंचल, मी आणि ते. बाबा दाराशी उभे राहिले. बाहेर स्पीकर चाचणी चालू होती, त्यामुळे पिल्लईंना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. दुपारचे चार वाजले होते. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे झाले होते, कुठे काय संपतं ते दिसत नव्हतं. पायलटला वाटलं, पाणी अजून खाली आहे. चाकं पाण्याला लागली, मग पंखा लागला, आणि पाच सेकंदांत सगळं उलटं. पिल्लई आणि कुलदीप एकाच दारातून बाहेर आले. दोघांनी एकमेकांच्या जाकिटांचे पट्टे धरले. कुलदीपचं जाकीट एकाच बाजूने फुगलं होतं. पाण्यावर इंधन पसरलं होतं. ते डोळ्यांत, नाकात, पोटात जात होतं.

"उल्टी करता था," पिल्लई म्हणाले. "उल्टी करता था और गाली देता था. समंदर को, मुझे, सबको."

"काय शिवी देत होता?" आईने विचारलं.

पिल्लई ओशाळले. आईने पुन्हा विचारलं. मग त्यांनी त्यांच्या मल्याळी जिभेने ती शिवी उच्चारली. सायकलची चेन उतरली की बाबा देतात ती शिवी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, पण ते कॅमेऱ्यासाठी नव्हतं.

मग पिल्लई खाली बघत म्हणाले, "दो घंटा पकड़ा मैंने. हाथ टूटा हुआ था. चौकशीत मी सांगितलंय की लाट आली." ते हिंदीत बोलत होते, पण आता मला ते आपल्याच भाषेत आठवतं. "लाट नाही आली. मी दमलो होतो. एकदा मूठ सैल केली, फक्त बोटं मोकळी करायला. परत धरायला गेलो तर तो तिथे नव्हता."

चंचलने उठून त्यांना पाण्याचा पेला दिला. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, मी वाटही बघितली, पण आला नाही. त्यांच्या कपाळावर इंधनाने भाजल्याचे गुलाबी डाग होते. मी त्यांना विचारलं, ड्रेसिंग कधी बदललं.

तेवढ्यात भैयाजी आत शिरला. कुलदीपसोबतचा, जिवंत वाचलेला फौजी आलाय ही बातमी त्याला लागली होती. त्याने पिल्लईंना कडक सलाम ठोकला. पांढरं जाकीट, नवा कोरा गमछा, दातांत खर्ऱ्याची तांबडी भुकटी.

"साहब, आप हमारे भगवान. ट्रक पर आपको खड़ा करता हूं. बस दो शब्द बोलना है. दुश्मन का फायर आया था, इतना बोल दो."

"फायर नहीं आया था," पिल्लई म्हणाले.

"अरे साहब, वहां कौन देखने गया था?"

"मैं था."

भैयाजी हसला. लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसा. मग बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चला हरिदासभाऊ, मुहूर्त टळून राह्यला. पोट्टे उचलायले उभे हायेत."

मी बाहेर आले. सहा जण पेटी उचलत होते. रिकामी पेटी उचलायला सहा माणसं का लागावीत, आणि त्यांच्या मानेच्या शिरा का ताणाव्यात? मी मिथुनला बाजूला घेतलं.

"काय भरलंय त्याच्यात?"

"तुमाले नाई सांगतलं, ताई?" तो खरंच गोंधळला. "विटा हायेत. बावीस. गादीत गुंडाळल्या, आवाज नाई येणार. रिकामी पेटी उचलली का पोट्टे हलवत नेतात, व्हिडिओत खोटं दिसते. म्हणून भैयाजीनं तुमच्या बाबाले कुलदीपभाऊचं वजन विचारलं. बासष्ट किलो. मोजून भरलं आमी."

मी बाबांकडे बघितलं. ते सहा माणसांच्या मागे, हात जोडून उभे होते. मिथुनचं बोलणं त्यांना ऐकू आलं नसेल, पण माझा चेहरा दिसला असेल. त्यांनी मान खाली घातली.

ओकारी येते तेव्हा आधी तोंडाला पाणी सुटतं. तसं सुटलं. बासष्ट किलो. दिवाळीला आला होता तेव्हा आम्ही सगळ्यांनी चंद्रपूरच्या दुकानात गंमत म्हणून काट्यावर उभं राहून बघितलं होतं. तो आकडा माझ्या बापाने या माणसाला दिला होता. पोह्याचे द्रोण, झेंडू, स्पीकरवाल्याचं 'हॅलो, माइक टेस्टिंग', सगळ्याची शिसारी आली मला, पण सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या बापाची.

आई बाहेर आली. तिला दोन बायांनी धरलं होतं. भैयाजीने इशारा केला, मोबाईल वर झाले. आई पेटीकडे झेपावली. त्याच वेळी ट्रकवर चढवताना पुढच्या दोघांचा तोल गेला आणि पेटी तिरपी झाली. आतून आवाज आला. गादी सरकली असावी. विटेवर वीट आदळल्याचा तो स्वच्छ, कोरडा आवाज होता. मग दुसरी. मग चार-पाच एकदम.

स्पीकर बंद होते. सगळ्यांना ऐकू गेला.

"मेडल असतील, मेडल," भैयाजी मोठ्याने म्हणाला.

आईने हात मागे घेतला. ती बाबांकडे वळली. "काय आहे जी त्याच्यात?"

बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ती त्यांच्याजवळ गेली, कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, "विटा."

"कशाच्या?"

"राखेच्या."

"तुमाले ठाऊक होतं?"

"हाव."

आईने अंगावरचा पदर नीट केला. मग त्या सहा जणांना म्हणाली, "खाली ठेवा. उघडा."

"बाई, लोकाइच्या भावना हायेत," भैयाजी पुढे झाला. "असं चारचौघांत..."

"उघडा म्हनलं ना."

कोणी हलेना, तेव्हा चंचल पुढे झाली. तिने आधी तिरंगा काढला, नीट घडी घातली आणि पिल्लईंच्या उजव्या हातात दिला. मग झाकण सरकवलं. आत निळ्या फुलांची गादी आणि करड्या विटा. आई वाकली आणि एक वीट उचलली. आमची शेजारीण सोनीबाई गर्दीतून आली आणि दुसरी उचलली. मी तिसरी. प्रत्येक विटेच्या मधल्या खळग्यात भैयाजीच्या कारखान्याचं नाव उठवलेलं होतं, 'आदेश'. आम्ही तिघींनी त्या बावीस विटा काढून दाराशी रचल्या. पन्नास-साठ मोबाईल आमच्यावर रोखलेले होते. कोणी मदत केली नाही. काही जणांनी मान खाली घातली, काही जण द्रोणातले पोहे संपवत होते. एकजण म्हणाला, "बाई, जरा इकडे पाहून."

शेवटची वीट ठेवल्यावर आई भैयाजीला म्हणाली, "तुमच्या विटा घेऊन जा." आणि आत गेली.

इथे सगळं संपेल असं मला वाटलं होतं. आम्ही दार लावून घेतलं. पाच मिनिटं बाहेर कुजबुज चालली होती. मग स्पीकर सुरू झाले. मी खिडकीतून बघितलं. पेटीचं झाकण लावलं होतं, त्यावर दुसरा तिरंगा घातला होता आणि चौघांनीच ती ट्रकवर चढवली. आता हलकी होती ना. भैयाजी हात जोडून वर उभा राहिला. आमच्याशिवाय यात्रा निघाली. सोनीबाईच्या मोबाईलवर आम्ही ती पाहिली. चौकात त्याने भाषण केलं. माता शोकाने बेशुद्ध पडली आहे, वीरपत्नी अंथरुणाला खिळली आहे, म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत, असं त्याने सांगितलं. दोन विमानांची तीन केली. लोकांनी घोषणा दिल्या. फुलं उधळली. मग ती पेटी कुठे नेली, काय केलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत विटांचे व्हिडिओ पण फिरू लागले. त्यावर लोकांनी काय काय लिहिलं ते मी दोन दिवस वाचत होते, मग वाचणं सोडलं. कोणी लिहिलं, कुटुंबाने शहिदाचा अपमान केला. कोणी लिहिलं, या लोकांना देशाचं काय पडलंय. 'या लोकांना' म्हणजे कोणाला, ते लिहायची त्याला गरज वाटली नाही. एकाने तर असंही लिहिलं की देह मिळाला नाही म्हणजे पोरगा पळाला असेल, तिकडे जाऊन मिळाला असेल. त्याला चारशे जणांनी पसंती दिली होती. त्यांतली दोन नावं माझ्या ओळखीची होती. एक माझ्यासोबत शाळेत होती.

पिल्लई तीन दिवस राहिले. रविवारी भंतेजींना बोलावून आम्ही घरातच मृत्यूनंतरचा जलदान विधी केला. फोटोसमोर मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, आणि खीर. बाबा, आई, चंचल, पिल्लई, सोनीबाई आणि मी. मोबाईल मी सगळ्यांचे काढून कपाटात ठेवले. तो फोटो चंचलने दिला होता. त्यात कुलदीप मॅगी खात होता.

बाबांशी मी बोलत नव्हते. एकाच घरात राहून, त्यांच्या पानात वाढून, त्यांच्याकडे बघत नव्हते. यात्रेनंतर आठव्या दिवशी मी जिवतीला निघाले. ते सायकल घेऊन बसथांब्यापर्यंत आले. बस यायची होती.

"रोशनी."

मी बस येते त्या बाजूला बघत राहिले.

"त्यानं वजन काऊन विचारलं, मले समजलं होतं," बाबा म्हणाले. "मी काई एवढा भोळा नाई. पण तेवढ्या दिवसांत इतके लोक आले, कोणी कुलदीपबद्दल काईच नाई विचारलं. कुठी शिकला, काय खाये, कसा होता. सारे सांगूनच राह्यले होते मले, तो कसा होता ते. यानं विचारलं, वजन किती होतं. मले वाटलं, कोणीतरी काईतरी विचारलं. मी सांगून टाकलं." त्यांनी सायकलच्या सीटवरून हात फिरवला. "उंची पण सांगतली मी. त्यानं नोहती विचारली."

बस आली. मी चढले नाही. पुढच्या बसपर्यंत आम्ही थांब्यावर बसलो. मी त्यांना क्षमा केली असं नाही म्हणणार. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, तिथे मी पर्समधली पिन लावून दिली.

दिवाळीनंतर भैयाजी निवडून आला. विजयाची मिरवणूक आमच्याच रस्त्याने गेली. गुलालाच्या ढगातून तो गाडीवरून उतरला आणि बाबांच्या पाया पडायला आला. बाबा दारातच उभे होते. ते मागे सरले, इतके की त्याचे हात हवेत राहिले. मग बाबांनी दार लावलं. आतून आम्हाला त्याचं हसणं ऐकू आलं. चौकाला आता कुलदीपचं नाव देणार आहेत. मी विरोधाचा अर्ज दिला होता. कार्यालयातल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, विरोधाचा अर्ज सख्खी बहीण देते का?"

डिसेंबरात आम्ही गुजरातला गेलो. आईने कधी समुद्र पाहिला नव्हता. चंचल सोडली तर आमच्यापैकी कोणीच नाही. पिल्लईंची बदली व्हायची होती, त्याआधी या, असं त्यांनी कळवलं होतं. दीड दिवसाचा रेल्वेचा प्रवास, मग जीप. जिथून हेलिकॉप्टर निघालं होतं तिथे जायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी आम्हाला जवळच्या एका कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर नेलं. वाळूवर मासळी सुकत घातलेली. कुत्री, प्लास्टिक, डिझेलचा तवंग, फाटकी जाळी. मी पदराने नाक दाबलं. बाबा बूट न काढता लांब उभे राहिले.

आई सरळ पाण्याकडे गेली. लाट पायांवर आली तशी दचकली. मग वाकून तिने ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडात घातलं.

"आई, घाण आहे ते!" मी ओरडले.

तिने तोंडातलं पाणी क्षणभर धरून ठेवलं. मग थुंकली. पुन्हा थुंकली. तिचा सगळा चेहरा आक्रसला होता. मी बाटली दिली. तिने तीन वेळा चूळ भरली, जीभ पदराने पुसली.

"असं राह्यते?" तिने पिल्लईंना विचारलं. "दोन घंटे हेच होतं त्याच्या तोंडात?"

मी ते हिंदीत सांगितलं. पिल्लईंनी मान डोलावली.

"जीव मळमळून राह्यला," ती म्हणाली आणि वाळूत बसली. मी तिची पाठ चोळत राहिले. बाबा जवळ आले आणि तिच्या दुसऱ्या बाजूला टेकले. चंचल चपला हातात घेऊन पाण्यात शिरली होती, गुडघ्यापर्यंत. तिला परत ये म्हणून कोणी हाक मारली नाही. आम्ही बसून राहिलो, ती येईपर्यंत.